आईच्या जागी बदली

आमच्या कंपनीत सुट्ट्या मोजत नाहीत. पगार चालू, सुट्टी हवी तेवढी. नोकरी लागली तेव्हा हे मी घरी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, तर आई म्हणाली, "म्हंजे नोकरी पक्की न्हाय की." पक्क्या नोकरीत सुट्टी कमी असते, हा तिचा हिशेब.

तिचा हिशेब फार चुकला नव्हता. आधीच्या कंपनीत वर्षाला अठरा सुट्ट्या होत्या आणि लोक भांडून भांडून त्यातला शेवटचा अर्धा दिवससुद्धा वसूल करायचे. इथे 'हवी तेवढी घ्या' म्हटल्यावर सगळ्यांना अचानक लाज वाटायला लागली. माझ्या टीममधला एक जण गेल्या डिसेंबरात लग्नाला गेला तो लॅपटॉप घेऊनच. अंतरपाट धरलेला असताना तो मिटिंगमध्ये होता, आणि लग्न त्याच्या सख्ख्या भावाचं होतं. वर्षअखेरीच्या कार्यक्रमात त्याचं कौतुक झालं. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या आणि काय समजायचं ते समजून घेतलं.

मी समजून घेतलं नाही. आमच्या खानदानात, आईच्या आणि वडिलांच्या दोन्ही बाजूंनी, पदवी घेतलेली मी पहिली. माझं इंजिनीअरिंगचं सर्टिफिकेट सोलापुरात घरी भिंतीवर फ्रेममध्ये आहे, आणि दसऱ्याला आई त्याला झेंडूचा हार घालते, ट्रकला घालतात तसा. एवढं शिकून कागदावर लिहिलेलं जर मी खरं धरायचं नाही, तर कुणी धरायचं? नाताळात अमेरिकेचे क्लायंट घरी बसतात. मी सरळ नऊ दिवसांचा अर्ज टाकला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, येळवस.

माझा मॅनेजर अनिकेत चांगला माणूस आहे, पुण्याबाहेरचं त्याला फक्त गोवा माहीत आहे. त्यानं लगेच फोन केला आणि आवाज खाली आणून विचारलं, "हे काही मेडिकल आहे का?"

तुम्हालाही ठाऊक नसेल तर सांगते. येळवस म्हणजे वेळ अमावास्या, मार्गशीर्षातली. लातूरकडं आणि आमच्या अक्कलकोटच्या पट्ट्यात त्या दिवशी सगळे शेतात जातात. सगळे म्हणजे सगळे. दुकानदार, शिक्षक, तलाठी, सोनार. ज्वारी कंबरेच्या वर आलेली असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभारायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांची पूजा करायची, पिकात आंबील शिंपडायची आणि मग संध्याकाळपर्यंत खात बसायचं. सरकारनं कधी या दिवसाची सुट्टी जाहीर केली की नाही, याची चौकशी करायची गरज कुणालाच पडलेली नाही.

अनिकेत म्हणाला, "वॉव, घे ना, नक्की घे. फक्त एकतीसला रिलीज आहे, तेव्हा जरा रीचेबल राहा."

माझा बेत साधा होता. आईला तिच्या माहेरच्या रानात येळवशीला पाठवायचं. बारा वर्षांत ती गेली नव्हती. नऊ दिवस हातात होते, काम एकच. मला वाटलं, आठ दिवस उरतील.

सोलापूर, २८ डिसेंबर

पुण्याहून आल्यावर पहिला दिवस मी झोपून काढला, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दुसऱ्या दिवशी आई रेशनला गेली तशी मी अक्कांकडं गेले.

महादेवीअक्का म्हणजे आईच्या मालकीण. आमच्या गल्लीमागं त्यांचं कडक भाकरीचं केंद्र आहे. लांबट पत्र्याची खोली, भिंतीला लागून नऊ चुली, चुलीमागं नऊ बायका. ज्वारीची भाकरी पापडासारखी पातळ थापायची, तव्यावर भाजायची, मग मंद आचेवर फडक्यानं दाबत दाबत वाळवायची. महिनाभर टिकते. मुंबई-पुण्याला, पार दुबईलाही जाते. डिसेंबर हा अक्कांचा दिवाळीचा महिना, कारण बाहेर राहणारे सगळे सोलापूरकर या दिवसांत येतात आणि जाताना शेंगाचटणी आणि कडक भाकरी नेल्याशिवाय त्यांना सोलापूर सोडवत नाही. वडील गेले तेव्हा मी आठवीत होते. ते यंत्रमागावर होते. तेव्हापासून आई इथं.

अक्का कपाळाला विभूती लावून दारातल्या खुर्चीत बसल्या होत्या. मी म्हटलं, तीस तारखेला आईला सुट्टी पाहिजे.

"मी कवा अडवलंय?" अक्का म्हणाल्या. "चूल मोकळी दिसायला न्हाय पायजे, एवडंच. बदली द्या आन् जावा."

ही आमच्या गावची जुनी पद्धत. गिरण्या होत्या तेव्हापासूनची. आपण गेलो नाही तर आपल्या जागी दुसरं माणूस उभं करायचं, ती बदली. गिरण्या बंद पडल्या, यंत्रमाग मंदावले, पण पद्धत भाकरीच्या चुलीपर्यंत टिकून राहिली.

मी विचारलं, मग बारा वर्षं आईला बदली का मिळाली नाही? अक्कांनी माझ्याकडं बघितलं, म्हणाल्या, तिनं मागितली कवा. मग खरं काय ते सांगितलं. येळवशीला ज्यांचं रान आहे त्या बायका जातात. ज्यांचं नाही त्या थांबतात आणि गेलेल्यांच्या चुली ओढतात. माझी आई दरवर्षी थांबणाऱ्यांत.

"मामाचं रान आहे की," मी म्हटलं.

"ते मामाचं. लगीन झाल्यावर बाईचं रान म्हंजे नवऱ्याचं रान. तुज्या बापाचं कुटं हाय?"

आमच्याकडं जमीन म्हणजे तुळशीची कुंडी. ती पण भाड्याच्या घरात. वादात हरले की मी कामाला लागते. म्हटलं, आईच्या जागी मी येते.

अक्कांनी आधी माझ्या हातांकडं पाहिलं. "भाकरी येती का?"

"नाही."

"मंग?"

"उभी राहीन."

अक्का हसल्या नाहीत. "बरं," म्हणाल्या. "सा वाजता ये. न्हाऊन ये."

मला भाकरी येत नाही हे मी लाजून सांगत नाही. आमच्या घरात तो कायदा होता. शेजारच्या पोरी आठवी-नववीत भाकऱ्या थापायच्या, मी पिठाच्या डब्याजवळ दिसले तरी आई ओरडायची. एकदा हौसेनं परात पुढं ओढली तर तिनं माझ्या हातावर चिमट्यानं मारलं, आणि मग त्याच हातात गणिताचं पुस्तक दिलं. एकदा भाकरी आली की मुलगी अक्कांच्या दहाव्या चुलीवर बसणार, ही तिची भीती. म्हणून मला कोडिंग येतं आणि भाकरी येत नाही. दोन्ही तिनं ठरवून केलेलं आहे.

तेव्हा मी बदली जाणार हे तिला सांगण्यात अर्थच नव्हता. मी सांगितलं, अक्कांनी सुट्टी दिली, तुझ्या जागी शोभामावशीची सून येणार आहे. शोभामावशी आईच्या शेजारच्या चुलीवर असते. तिला मी आधीच गप्प राहायची शपथ घातली होती.

आई म्हणाली, "शोभाच्या सुनेची भाकरी जाड असती."

"एक दिवस खातील लोक जाड."

"कशाला की उगं. मी पुढच्या साली जाईन."

हे ती बारा वर्षं म्हणत होती. मग मी ठेवणीतलं अस्त्र काढलं. मामाला फोन लावून फोन तिच्या हातात दिला. शिवामामा अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीला लागून राहतो. तो एका वाक्यात अर्धं मराठी, अर्धं कानडी बोलतो आणि रागावला की पूर्ण कानडी. त्या दिवशी पूर्ण कानडी बोलला. आईनं फोन ठेवला आणि माळ्यावरची पिशवी काढली.

२९ डिसेंबर, एसटी स्टँड

ती निघाली तेव्हा दुपारचे चार वाजले होते. सव्वा तासाचा रस्ता, पण तयारी काशीला निघाल्यासारखी. मामीला साडी, पोरांना बिस्किटं, आणि अक्कांच्या केंद्रातल्या तुटक्या भाकऱ्यांचं एक गाठोडं. माहेरी भाकरी मिळणार नाही अशी तिला शंका असावी. मी उद्या दुपारपर्यंत येते, म्हटलं, पुण्याचं थोडं काम उरकून. हेही खोटं. त्या आठवड्यात मी जेवढं खोटं बोलले तेवढं नोकरीच्या मुलाखतीतही बोलले नव्हते.

बारा वर्षांनी येळवशीला माहेरी चाललेली बाई खिडकीतून शेवटचं काय म्हणाली, तर शोभाच्या सुनेला सांग, पीठ गार पाण्यात भिजवू नकोस.

३० डिसेंबर, चूल

सकाळी सहाला गल्ली इतकी रिकामी की कुत्रीसुद्धा शेतात गेली असावीत. केंद्रात नऊपैकी तीनच चुलींवर माणूस. एकीवर नरसम्मामावशी. हिच्या घरी तेलुगू, कामावर मराठी आणि राग आला की दोन्ही. दुसरीवर मुमताजभाभी. तिसरीवर, आईच्या पाटावर, मी. अक्का स्वतःच्या रानात जायच्या आधी येऊन बघून गेल्या. तीन चुलींतून धूर निघतोय एवढं पाहिलं आणि गाडीत बसल्या.

पुण्यात माझ्याबद्दल असं बोललं जातं की हिला कुठलंही नवीन टूल दोन दिवसांत जमतं. पीठ हे टूल नाही. पहिल्या भाकरीला तीन कोपरे होते. दुसरी परातीतून उचलताना मधोमध फाटली. तिसरी तव्यावर गेली, पण तिच्याबरोबर माझी दोन बोटंही गेली. मुमताजभाभी तिच्या चुलीवरून मान न वळवता म्हणाली, "इंजीनियर हुई तो क्या हुआ, आटा तो पहचानती नै."

चौथी भाकरी झाली. गोल म्हणता येणार नाही, पण भाकरी म्हणता आलं असतं. मी फोनवर फोटो काढत होते तेवढ्यात नरसम्मामावशी उठली आणि माझी परात तिनं स्वतःकडं ओढून घेतली.

"तू थापू नको. तू वाळव," ती म्हणाली. "तुज्या आईच्या आमी थापतो."

मी म्हटलं, आईच्या एकशे वीस असतात, तुमच्या तुम्हाला आहेतच. ती म्हणाली, माहीत आहे. तिच्या मुलीच्या बाळंतपणाला ती हैदराबादला गेली होती तेव्हा आईनं वीस दिवस तिची चूल पेटती ठेवली होती. हे मला आईनं कधी सांगितलं नव्हतं. त्या वीस दिवसांत मी बहुतेक बारावीचा अभ्यास करत होते आणि चहा वेळेवर मिळाला नाही म्हणून चिडत होते.

तेव्हा मला कळलं की बदली म्हणजे तेवढंच काम करणारा माणूस नव्हे. बदली म्हणजे चुलीमागं कुणीतरी आहे असं दिसलं पाहिजे. काम मग सगळ्या मिळून ओढून नेतात, कुणाच्या वाटणीला किती आलं ते कुणी बोलत नाही. पुढचे पाच तास मी फडक्यानं भाकऱ्या दाबत बसले. धुरानं डोळे गेले, कंबर गेली. फोनवर अनिकेतचे सहा मेसेज आले, ते पिठाच्या हातानं उघडता आले नाहीत. हा एक फायदा.

साडेअकराला शेवटची चळत उचलली. नरसम्मामावशीनं तुटक्या तुकड्यांवर दही ओतून माझ्यापुढं ठेवलं. मुमताजभाभी निघताना माझी चौथी भाकरी चळतीतून काढून हातात देत म्हणाली, "ये अम्मी कू दिखा." मी ती बॅगेत ठेवली नाही. काही पुरावे जागेवरच खाऊन टाकावेत.

अक्कलकोटकडं

वडाप जीपमध्ये, जिथं एरवी माणसं टपावर असतात, तिथं मी एकटी. ड्रायव्हर म्हणाला, ही शेवटची फेरी, मग तोही रानात. हमरस्त्याला 'हुरडा पार्टी' असे बोर्ड लावलेली दोन फार्महाउसं लागली. शहरातली माणसं प्लास्टिकच्या फेट्यात बैलगाडीत बसून फोटो काढत होती. बैल कंटाळलेले दिसले. त्या बैलांना बहुतेक आज हक्काची सुट्टी होती.

फाट्यावर उतरले. मामाचं रान तिथून तीन किलोमीटर, बांधावरून चालत. तासाभरात पोचायला हवं होतं, अडीच वाजले. कारण येळवशीला बांधावरून कुणी नुसतं जाऊ शकत नाही.

पहिल्या रानातून एका बाईनं हाक मारली, "बर्री, ऊट माड्री." कानडीत या, जेवा. मला कानडीतले दोन शब्द येतात, 'बेडा' म्हणजे नको आणि 'साकु' म्हणजे पुरे. दोन्ही वापरले. कुणी ऐकलं नाही. नव्या मडक्यातली आंबील पेलाभर दिली. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेली, लसूण आणि कोथिंबीर घातलेली. थंड, आंबट, आणि धुरानं सुकलेल्या घशाला अशी की दुसरा पेला मी मागून घेतला. साकु म्हणायला विसरले.

दुसऱ्या रानात भज्जी आणि बाजरीचे उकडलेले उंडे. ही भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. हरभरा, वाटाणा, तूर, चाकवत, मेथी, चिंच, कच्ची बोरं, रानात जे जे हिरवं सापडतं ते सगळं बेसनात शिजवलेलं. पुण्यात एका हॉटेलात असलंच काहीतरी मातीच्या वाडग्यात देतात आणि त्याबरोबर शेतकऱ्याची गोष्ट छापलेलं कार्ड. इथं कार्ड नव्हतं, दोनदा वाढलं.

तिसऱ्या रानात एक निवृत्त कंडक्टर भेटले. आबा म्हणत होते सगळे. त्यांनी मला पोळीच्या आधी नात्यात बसवलं. कुणाची, कुठली, मामा कोण, असं करत मी त्यांच्या चुलतभावाच्या मेहुण्याची भाची निघाले. मग तिळाची पोळी आली.

"काय करतीस पुण्यात?"

"सॉफ्टवेअरमध्ये आहे, आबा."

"सुट्टी किती दिलीया?"

"हवी तेवढी देतात."

आबांनी मान हलवली. नोकरीत त्यांना दोन येळवशी मिळाल्या होत्या, बाकी सगळ्या गाडीवर. "मंग हितंच ऱ्हा की," ते म्हणाले. "आनखी कशाला जातीस तितं?"

ही चेष्टा असेल म्हणून मी हसले. आबा हसले नव्हते.

मामाचं रान

आई लांबूनच दिसली. बोरीखाली घोंगडीवर बसून मामीला भज्जीत चिंच कमी पडल्याचं सांगत होती. केसात झेंडू खोवला होता, बहुतेक मामीच्या पोरीनं. मी तिला पंचविशी-तिशीच्या फोटोतच असं बसलेलं पाहिलं आहे, एक पाय मुडपून, दुसरा पसरून, कुठंही जायचं नसल्यासारखं.

"आलीस व्हय. जेव आधी," ती म्हणाली.

मी म्हटलं, तीन रानांत जेवले. मामीनं ते ऐकलं नाही असं दाखवून ताट वाढलं. आणि मी ताट घ्यायला हात पुढं केला तो आईनं मधेच धरला. दोन बोटांवर फोड आले होते.

"हे काय?"

"चहा करताना."

आईनं बोटं नाकाजवळ नेली. बारा वर्षं तिच्या स्वतःच्या हाताला जो वास येतो तो तिला माझ्या हातातून ओळखू येणार नाही, असं मी का धरून चालले कोण जाणे.

"शोभाची सून कुटं हाय?"

"तिच्या रानात."

मामा कोपीजवळ उभा होता, तो विनाकारण बैलाकडं निघून गेला. आईनं माझा हात उलटा करून पाहिला. मग हळू आवाजात म्हणाली, "मी तुला पिठाला हात लावू दिला न्हाय. सोळा वर्सं शिकिवली. कशापायी?"

मी म्हटलं, म्हणूनच मला सुट्टी मिळते, आणि मिळाली म्हणूनच मी बसू शकले. ज्या पोरीला भाकरी येते तिला आज स्वतःच्या चुलीवर बसावं लागलं असतं.

हे मी फार पाठ करून आले नव्हते, पण बरं निघालं. आईनं हात सोडला. झेंडू नीट केला.

"किती झाल्या?"

"माझ्या चार. बाकी नरसम्मामावशी आणि मुमताजभाभीनं."

"चार," आई म्हणाली. मग मामीकडं वळून, "चार भाकरीला इंजिनीर लागली बग." आणि तिला हसू फुटलं. मामी हसली, मामा बैलाजवळून हसला, त्यानं ऐकलं नव्हतं असं म्हणायला जागा नव्हती. मी चौथ्यांदा जेवले.

पांडवांची पूजा माझ्याआधीच उरकली होती. मामा आंबिलीचं मडकं घेऊन पिकातून फिरला, कडुलिंबाच्या डहाळीनं शिंपडत, कानडीत ओरडत. त्या ओरडण्याचा अर्थ मामालाही नीटसा माहीत नाही. प्रत्येक गावात वेगळं ओरडतात आणि प्रत्येक गावाचं म्हणणं आपलं बरोबर. आई त्याच्या मागं मागं गेली आणि दर चार पावलांना मोठ्यानं उत्तर देत राहिली. घरात तिचा आवाज इतका मोठा मी फक्त मला झोपेतून उठवताना ऐकला आहे.

तीनच्या सुमाराला अनिकेतचा फोन आला. हात तेलकट होते म्हणून स्पीकरवर टाकला. तो म्हणाला, सॉरी सॉरी, तू सुट्टीवर आहेस मला माहिती आहे, सुट्टी चालूच राहू दे, फक्त उद्या दहा ते अकरा कॉलवर ये, तो मॉड्यूल तुलाच माहीत आहे.

आई बोरं निवडत होती. मला म्हणाली, "तुज्या जागी कोण हाय तितं?"

"कुणी नाही."

"कुणीच न्हाय? म्हंजे नऊ दिस चूल मोकळी?"

"हो."

"मंग ही कसली सुट्टी," आई म्हणाली. "काम तसंच साचलंय तितं. तू नुसती हितं येऊन बसलीस."

फोनमधून अनिकेतनं विचारलं, कोण बोलतंय. मी म्हटलं, माझी आई, ती ऑपरेशन्समध्ये आहे. तो म्हणाला, राइट. मी संध्याकाळपर्यंत कळवते म्हणून फोन ठेवला.

खरं तर मी हो म्हणणार होते. एक तास काय. साडेचारची एसटी होती. आईनं आल्यापासून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की त्याच गाडीनं जायचं. एकतीस तारखेला केंद्रावर सगळ्यात जास्त ऑर्डरी असतात आणि रानातून दमून आलेल्या बायका उशिरा येतात. मामा म्हणाला, आजची रात राहा की. मामी म्हणाली, सकाळी जा. आईचं एकच, "उद्याचं कोण करील?" मामा म्हणाला, तुझ्यावाचून सोलापूर उपाशी मरत नाही. आई म्हणाली, मरंल. आणि मग, पाच मिनिटं पाठ टेकते म्हणून, घोंगडीवर आडवी झाली. चारला उठव म्हणाली.

ती झोपली.

मी माझ्या आईला दिवसा झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. तापातही ती भिंतीला टेकून बसते. इथं ती कुशीवर, एक हात डोक्याखाली, तोंड किंचित उघडं. बोरीच्या पानांतून ऊन तिच्या चेहऱ्यावर पडत होतं, आणि ते सरकून डोळ्यांवर आलं तरी तिला जाग आली नाही. मामीच्या पोरीनं झेंडू हळूच काढून घेतला, तरी नाही. चार वाजले. सव्वाचार वाजले. मामी तिची पिशवी भरून घेऊन आली आणि माझ्याकडं बघत उभी राहिली.

मी म्हटलं, नको.

मग बांधावर जाऊन अनिकेतला फोन लावला. सांगितलं, उद्या जमणार नाही, उद्या मला कामावर जायचंय.

"पण तू सुट्टीवर आहेस ना?"

"आहे. त्याच सुट्टीत जायचंय. सहा ते साडेअकरा. तू कुणालातरी माझ्या जागी बसव. चारच गोष्टी आहेत, मी लिहून पाठवते. चुकलं तर चुकलं, मीही आज चुकतच होते."

तो म्हणाला, ठीक आहे, टीममधल्या राहुलला सांगतो. दोन वर्षं जे जमणार नाही असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो ते अर्ध्या मिनिटात जमलं. मला जरा रागच आला.

मामानं मोटारसायकलवर फाट्यापर्यंत सोडलं. वाटेत आबांच्या रानातून पुन्हा हाक आली, आम्ही थांबलो नाही. तो असभ्यपणा मामाला पुढं वर्षभर ऐकावा लागणार आहे. एसटी अजून आली नव्हती. मामा परत गेला आणि पाच-सात मिनिटांनी आईचा फोन आला. सुरुवातीला नुसता श्वास ऐकू आला, झोपेतून उठल्यावर येतो तसा जड.

"मला उटवलं न्हाईस," ती म्हणाली.

"नाही."

"उद्या चुलीवर तू बसनार?"

"मी वाळवणार. थापणार नाही, नरसम्मामावशी थापू देत नाही."

पलीकडं मामी काहीतरी विचारत होती, आई तिला थांब म्हणाली. मी वाट बघत होते, ती शिव्या देईल किंवा पुढच्या गाडीनं निघते म्हणेल. पुढची गाडी सहाला होती, हे तिला पक्कं ठाऊक असणार.

"परवा पन सुट्टी हाय का तुला?"

"आहे की. मला हवी तेवढी आहे."

"मंग मी तेरवा येती," आई म्हणाली आणि फोन तिनंच आधी ठेवला.